स्पर्धेतील फलत्याग

कर्म करावे आणि त्याच्या फळावरील हक्क सोडावा, ही गीतेची शिकवण शेतकऱ्याला, वैद्याला वा अध्यापकाला लागू पडते हे आपण सहज मान्य करतो. परंतु जेथे फळ, म्हणजे विजय, हेच कर्माचे मुक्रर प्रयोजन असते, त्या स्पर्धेत फलत्यागाला काही अर्थ उरतो काय? या प्रश्नाच्या विचाराला सायकलच्या शर्यतींइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल, कारण या एकाच खेळाच्या निरनिराळ्या प्रकारांत माणसाचे माणसाशी असलेले नाते पायरीपायरीने बदलत जाते.

वैयक्तिक कालशर्यतीत प्रत्येक स्वार ठराविक अंतराने एकटाच सुटतो आणि केवळ घड्याळाशी झुंजतो. तिचे निर्भेळ रूप म्हणजे तासाचा विक्रम. १९७२ साली मेक्सिको शहरी एडी मर्क्स या बेल्जियन स्वाराने एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. येथे कोणाचे साहाय्य नाही, म्हणून त्यागालाही अवसर नाही. बंदिस्त धावपट्टीवरील स्प्रिंट शर्यतीत प्रतिस्पर्धी येतो, आणि त्याला पुढे घालून त्याच्या आडोशाचा लाभ घ्यावा म्हणून स्वार कधी कधी सायकल जागच्या जागी तोलून धरतात. मॅडिसन शर्यतीत सोबती येतो. दोघे आळीपाळीने धावतात, आणि पाळी संपलेला स्वार सोबत्याचा हात धरून त्याला पुढे झोकून देतो.

परंतु या नात्याची खरी कसोटी लागते ती १९०३ साली सुरू झालेल्या ‘टूर द फ्रान्स’सारख्या बहुदिवसीय रस्ताशर्यतीत. पुढचा स्वार वारा कापतो आणि मागच्याचे श्रम सपाटीवर सुमारे एकतृतीयांशाने वाचतात. म्हणून संघातील साहाय्यक दिवसचे दिवस वारा अंगावर घेतात, नायकासाठी पाणी आणतात, आणि विजेता म्हणून नाव मात्र एकट्या नायकाचे लागते. याचा त्यांना मोबदला मिळतो, विजेत्याने बक्षिसाची रक्कम सोबत्यांत वाटून द्यावी असा प्रघातही आहे. तेव्हा हा सारा कराराचाच मामला आहे, असा आक्षेप कोणी घेईल.

१९३४ सालची हकीकत या आक्षेपाला पुरून उरते. वीस वर्षांचा रेने व्हिएटो पहिल्याच टूरमध्ये घाटामागून घाट जिंकीत होता. पिरेनीज पर्वतात पुईमोरेन्सच्या उतारावर त्याच्या संघाचा नायक आंतोनँ मान्य याचे चाक निकामी झाले, तेव्हा व्हिएटोने आपले पुढचे चाक काढून त्याला दिले, आणि मदतीची गाडी येईपर्यंत तो रस्त्याकडेच्या दगडी भिंतीवर रडत बसला. दुसऱ्याच दिवशी नायक पुन्हा अडचणीत आला, तेव्हा पुढे गेलेला हा पोरगा आल्या वाटेने मागे फिरला आणि या खेपेस त्याने आपली सायकलच नायकाच्या हवाली केली. मान्यने ती शर्यत जिंकली. व्हिएटो पाचवा आला.

जो रडला, त्याची फलासक्ती सुटली नव्हती, मग याला निष्काम कर्म कसे म्हणावे, असे कठोर भाष्यकार विचारील. मला हे मत मान्य नाही. ज्याला फळ नकोच आहे त्याने ते सोडले, तर त्यात त्याग कोणता? व्हिएटोला विजय हवा होता, तो कदाचित आपल्या आवाक्यात आहे हेही त्याला दिसत होते, आणि तरीही त्या इच्छेला त्याने आपल्या कर्तव्यावर सत्ता चालवू दिली नाही. आसक्तीचा अभाव ही सिद्धाची अवस्था असेल. आसक्ती उरात असतानाही योग्य ते करणे हा साधकाचा मार्ग आहे, आणि तुम्हा-आम्हांला तोच मोकळा आहे.

या त्यागाची भरपाई नियतीने केली नाही. १९४७ साली व्हिएटोच्या अंगावर आघाडीवीराची पिवळी जर्सी होती, ती १३९ किलोमीटरच्या एकट्याने काटायच्या कालशर्यतीत गेली, आणि टूर त्याला कधीच जिंकता आली नाही. पुण्याचा हिशेब चुकता होईल या भरवशावर केलेला त्याग हाही एक सौदाच असतो. तसा सौदा त्या मुलाने केला नव्हता, म्हणूनच स्पर्धेतही फलत्याग शक्य आहे, असे मी त्याच्या साक्षीने निःशंकपणे म्हणतो.