दहीभात आणायला गेलेला मुलगा

सोलापूरच्या ग्रामदैवताचे, सिद्धरामाचे, चरित्र ज्या श्रद्धेने या नगरीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, तिला लेशमात्र बाध न आणता मला असे म्हणावेसे वाटते की, त्या चरित्रातील सर्वांत दुःखद प्रसंगापाशी आपण पुरेसे थांबत नाही. बाराव्या शतकातील सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, मुद्दगौडा आणि सुग्गलव्वा यांच्या पोटी जन्मलेला सिद्धराम बालपणी इतका अबोल होता, की लोक त्याला मंदबुद्धीचा समजत. रानात एकट्या असलेल्या या पोराकडे जंगमाच्या रूपाने मल्लय्या आला, पोराने दिलेला हुरडा त्याने खाल्ला आणि मग दहीभात मागितला. पोर धावत घरी गेले, दहीभात घेऊन धावतच परतले, आणि पाहते तो तेथे कोणीच नव्हते.

सांगितलेले सारे निष्ठेने केले, आणि परत येऊन पाहावे तर सांगणाराच जागेवर नाही, ही वेदना आजच्या तरुणाला परकी वाटण्याचे कारण नाही. अभ्यास कर, गुण मिळव, परीक्षा दे, म्हणजे पुढचे सारे सुरळीत होईल, असे ज्याला आपण विश्वासाने सांगितले, तो वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी हाती भांडे घेऊन रिकाम्या रानात उभा असतो.

कन्नड कवी राघवांकाने या चरित्रावर काव्य रचले आहे. त्यात आणि लोककथेतही सिद्धराम ‘मल्लय्या, मल्लय्या’ असा आक्रोश करीत यात्रेकरूंमागून श्रीशैलाला जातो. तेथे मंदिरातील लिंगाकडे बोट करून लोक सांगतात, हाच तुझा मल्लय्या. पण माझ्याजवळ बसून खाणारा तो हा नव्हे, असे म्हणून मुलगा वळतो आणि शेवटी निराशेच्या भरात कड्याच्या टोकाशी जाऊन उभा राहतो. त्या क्षणी मल्लय्याने, म्हणजेच श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाने, त्याचा हात धरला.

आत्मघात हे पातक आहे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे फार प्राचीन. ईशावास्योपनिषदातील ‘आत्महन’ या शब्दाचा अर्थ शंकराचार्यांनी आत्मस्वरूप न जाणणारे अविद्वान, असा केला आहे. धर्मशास्त्रकारांनी मात्र आत्मघाताला कठोर दोष लावला. या विवेचनाविषयी मला आदर आहे, परंतु कड्यावर उभ्या असलेल्या पोराशी तो वाद घालण्याचा अधिकार कोणालाच नाही. मल्लिकार्जुनाने जाबजबाब घेतला नाही. त्याने आधी हात धरला, आणि मग सोन्नलगीस परतून ते क्षेत्र उभारण्याची आज्ञा केली. ज्या तलावाकाठी आपण सायंकाळी फिरायला जातो तो तलाव आणि ज्या अडुसष्ट लिंगांना संक्रांतीच्या यात्रेत तैलाभिषेक होतो ती लिंगे, ही त्या एकदा धरलेल्या हाताची पुढची कहाणी आहे.

आधी हात धरण्याचे हे शहाणपण कायद्याला मात्र उशिरा आले. १८६० च्या भारतीय दंडविधानाचे ३०९ वे कलम मरणाच्या दारातून परतलेल्यास फौजदारी गुन्हेगार ठरवून एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र करीत असे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा माणसावर तीव्र मानसिक ताण होता असे गृहीत धरले आणि त्याच्या शुश्रूषेची जबाबदारी सरकारवर टाकली. सरकारी दप्तराला जे समजले, ते आपल्या घरांना अजून उमगायचे आहे. घरच्या मुलाला मनोविकारतज्ज्ञाकडे नेल्याचा बोभाटा होईल, इभ्रत जाईल, या भयाने ज्यांची वाचा बसते, त्यांच्याच देव्हाऱ्यात सिद्धरामाची तसबीर असावी, याचे मला फार वाईट वाटते.

शहराच्या पूर्व भागातील माझा एक विद्यार्थी स्पर्धा परीक्षेत दोनदा अपयशी झाल्यावर बोलेनासा झाला. मी घरी गेलो तेव्हा वडील यंत्रमागावर होते, आई उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती, आणि पानाभोवती दोऱ्याचा वेढा देता देता, मान वर न करता मला म्हणाली, “सर, पोरगं झोपतच नाही हो.” मी त्याला गीता सांगितली, थोरांची उदाहरणे दिली, तो नम्रपणे ऐकत राहिला, आणि मी केवळ लिंगाकडे बोट दाखवीत आहे हे मला फार उशिरा कळले. त्यानंतर मी एवढेच विचारले, “जगणं नकोसं वाटतं का रे?” तो बराच वेळ गप्प राहिला, मग “हो, सर” म्हणाला, आणि त्याच्या आईच्या हातातला दोरा थांबला.

१४४१६ हा टेलीमानसचा विनामूल्य क्रमांक आम्ही त्याच रात्री लावला. तेथे मराठीतून बोलता येते आणि रात्री-अपरात्रीही उत्तर मिळते. दुसऱ्या दिवशी सकाळी आई विड्यांचे काम तसेच टाकून आमच्याबरोबर सरकारी रुग्णालयात आली. आता दर पंधरा दिवसांनी तो तेथे जातो, आणि केसपेपर हाती घेऊन त्याचे नाव पुकारले जाईपर्यंत मी बाकावर त्याच्या शेजारी बसून असतो.