मॉडेल कुठे चुकतं, ते शिकव

प्रिय अनघा,



तिसऱ्या वर्षाला कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायला मिळाली, हे वाचून फार आनंद झाला. सुरुवात कुठून करू, असं विचारलं आहेस. माझं सांगणं एकच : मुलांना मॉडेल चालवता आलं, एवढ्यावर समाधान मानू नकोस. ते कुठे आणि का चुकतं, हे त्यांना शोधता आलं पाहिजे.

पहिल्या तासाला संगणक बंदच ठेव. रोझेनब्लाटचा १९५८ चा पर्सेप्ट्रॉन फळ्यावर मांड : दोन इनपुट, दोन वजनं, एक बायस. ‘अँड’ गेटची चारही उदाहरणं घेऊन मुलांनाच हातानं वजनं बदलू दे. काही फेऱ्यांत जमेल. मग ‘एक्सऑर’ दे. ते कितीही आकडेमोड केली तरी जमणार नाही, कारण त्याचे बिंदू एका सरळ रेषेनं वेगळे होतच नाहीत. मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी १९६९ मध्ये यावरच बोट ठेवलं होतं. हे मुलांनी स्वतः अनुभवलं, की मधला थर का हवा आणि १९८६ चा रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांचा बॅकप्रोपगेशनवरचा लेख का गाजला, हे त्यांना चटकन उमगेल.

प्रॅक्टिकलला एमनिस्ट घेशीलच. हाताने लिहिलेल्या इंग्रजी अंकांची ७०,००० चित्रं, प्रत्येक २८ बाय २८ पिक्सेलचं. साध्या नेटवर्कचीही अचूकता ९७ टक्क्यांवर जाते आणि मुलं खूश होऊन जर्नल लिहायला घेतात. तिथेच त्यांना थांबव. कागदावर मराठी अंक लिहायला लाव, त्यांचे फोटो त्याच मापाचे, काळ्यावर पांढरे करून मॉडेलला दे. आपला एक त्याला बहुधा इंग्रजी नऊ वाटेल. ‘ओळखता येत नाही’ असं ते कधीच म्हणणार नाही. कारण त्याच्या शेवटच्या, सॉफ्टमॅक्सच्या थरात दहाच पर्याय असतात आणि त्यांच्या संभाव्यतांची बेरीज १ व्हावीच लागते.

कोड आता चॅटबॉटही लिहून देतो. म्हणून सबमिशनपेक्षा ओरलला जास्त गुण ठेव. प्रत्येकाला आपल्या मॉडेलनं चुकीची ओळखलेली काही चित्रं आणायला सांग आणि ती का चुकली, हे विचार.

उद्या यांच्यातलंच कुणी कर्जाचे अर्ज किंवा एक्स-रे तपासणारी प्रणाली बांधेल. तिच्या चुकीची किंमत मोजणारा माणूस तुझ्या वर्गात नसेल. त्याच्या वतीनं प्रश्न विचारायची सवय मुलांना तूच लाव.

तुझे,
सर