कंसाबाहेर काय येतं

वाशीच्या एपीएमसीत कांद्याची हिशोबपट्टी होते तेव्हा हमाली, तोलाई, वाराई अशी कपात लागते. या तिन्हींचे दर गोणीमागे धरले आणि त्यांना ह, त, व म्हटलं, तर न गोण्यांची कपात नह + नत + नव होते. पट्टी लिहिणारा मेहताजी तीन गुणाकार कशाला करील? तो दरांची बेरीज करून गोण्यांनी एकदाच गुणतो: न(ह + त + व). तिथून जवळच्याच शाळांत आठवीची मुलं सामाईक अवयव बाहेर काढतात, ते हेच.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) १३५ ला १२ ने गुणायचं उदाहरण आहे. एक रीत अशी की १२ चे ८ आणि ४ असे खंड पाडायचे: १०८० + ५४० = १६२०. हीच रीत उलटीकडून वाचली, की १३५ सामाईक निघतो. अवयव पाडणं म्हणजे झालेला गुणाकार उकलणं. मुलांना मात्र आपण आधी पायऱ्या देतो आणि अर्थ पुढे कधीतरी.

म्हणून ५क्ष² + ५क्ष इथे घोळ होतो. ५क्ष बाहेर काढल्यावर दुसऱ्या पदात काही उरलंच नाही असं वाटतं आणि वहीत ५क्ष(क्ष) येतं. क्ष = २ घालून पाहावं: मूळ राशी ३०, हे उत्तर २०. पद पूर्ण बाहेर गेलं तरी त्याच्या जागी १ उरतो, कारण ५क्ष म्हणजे ५क्ष × १. बरोबर उत्तर ५क्ष(क्ष + १). ‘एक लिहायला विसरू नकोस’ एवढं सांगून भागत नाही. कंस पुन्हा सोडवून मूळ राशी परत येते का, हे मुलाने स्वतः बघायला हवं.

आणि किंमत तीच राहणार असेल, तर रूप बदलायचं कशाला? हा प्रश्न वर्गात यायलाच हवा, असं मला फार वाटतं. न² + न या राशीकडे पाहून काही कळत नाही. न(न + १) लिहिलं, की लागोपाठच्या दोन पूर्णांकांचा गुणाकार समोर येतो. त्यांतला एक समच, म्हणून उत्तरही नेहमी सम. न³ − न मधून न बाहेर काढा; कंसातल्या न² − १ चेही अवयव पडतात: (न − १)न(न + १). लागोपाठच्या तीन पूर्णांकांत एक तीनच्या पाढ्यातला आणि निदान एक सम. मग न कितीही घ्या, सहाने भाग जाणारच!