तितिक्षा कोणाची? काळे वाहन आणि उन्हाची वाटणी

उष्ण प्रदेशात काळे वाहन बाळगणे हा वरवर पाहता निव्वळ आवडीनिवडीचा विषय वाटतो. परंतु ज्या वस्तूचा मान एकाला मिळतो आणि ताप दुसऱ्याला सोसावा लागतो, तिची निवड नीतिविचाराच्या कक्षेबाहेर राहू शकत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उघड्यावर उभ्या असलेल्या काळ्या गाडीचे दार उघडणाऱ्याला या प्रश्नाची भौतिक बाजू हाताच्या चटक्यानेच कळते. तिची दार्शनिक बाजू समजण्यासाठी मात्र दोष नेमका रंगाचा आहे का, हे आधी ठरवावे लागते.

न्याय-वैशेषिक दर्शनात रूप, म्हणजे डोळ्यांनीच कळणारा गुण, आणि स्पर्श, म्हणजे त्वचेनेच कळणारा गुण, हे एकमेकांपासून वेगळे मानले आहेत. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त स्पर्शाचे शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत (उष्णही नाही आणि शीतही नाही असा) हे तीन प्रकार सांगून उष्ण स्पर्श तेज या द्रव्याचाच मानला आहे, त्यामुळे तापलेल्या पाण्याची उष्णता पाण्याची स्वतःची नसून औपाधिक, म्हणजे तेजाच्या संयोगाने आलेली, ठरते. हाच विचार पुढे नेला तर काळ्या रंगलेपाचा चटकाही त्याचा स्वभाव नव्हे, तर सूर्याशी आलेल्या संबंधाचा परिणाम म्हणावा लागतो. आधुनिक भौतिकशास्त्राची मांडणी निराळी असली, तरी या भेदाला तेथेही आधार मिळतो. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचा सुमारे अर्धा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो, आणि दिसायला काळी असूनही त्या किरणांचा बराच अंश परतवणारी रंगद्रव्ये आज तयार होतात. सर्वसाधारण काळा रंग मात्र दोन्ही प्रकारचे किरण शोषून घेतो. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी काळी आणि चंदेरी अशा दोन सारख्या गाड्या उन्हात उभ्या करून २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत, काळ्या गाडीचे छत चंदेरीपेक्षा २५ अंश सेल्सियसपर्यंत आणि आतली हवा सुमारे ५ ते ६ अंशांनी अधिक तापलेली आढळली.

महाराष्ट्राच्या धार्मिक व्यवहारातही काळ्याला सरसकट अशुभ ठरवलेले नाही. शनीचा रंग म्हणून काळी गाडी टाळणारे आणि शनिवारी लोखंड विकत न घेणारे लोक आहेत. पण त्याच समाजाचा विठ्ठल सावळा आहे, आणि एरवी सणासुदीला वर्ज्य असलेले काळे वस्त्र मकरसंक्रांतीला, ऐन थंडीत, मुद्दाम नेसले जाते. काळा रंग ऊब धरून ठेवतो, हा संक्रांतीच्या प्रथेचा परंपरेनेच सांगितलेला अर्थ लक्षात घेतला, तर या व्यवहारात रंगाचे मोल काळ आणि प्रसंग पाहून ठरते, असे दिसते.

दोष रंगात नसेल, तर तो निवडणाऱ्याच्या विवेकात शोधावा लागतो. येथे तितिक्षेची कल्पना पुढे येते. शीत-उष्ण, सुख-दुःख अशी द्वंद्वे विलाप न करता सोसणे म्हणजे तितिक्षा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तिचा उपदेश आहे आणि वेदान्तात साधकाच्या षट्संपत्तीत, म्हणजे सहा आंतरिक गुणांत, तिची गणना होते. काळ्या गाडीचा मालक ‘ऊन सोसण्याची माझी तयारी आहे’ असे म्हणू शकतो, आणि तो स्वतः सोसत असेल तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रत्यक्षात मालक वातानुकूलित कार्यालयात असताना गाडीशी थांबतो तो चालक. गाडी गार करण्यासाठी इंधन अधिक जळते, आणि आतून बाहेर फेकलेली उष्णता रस्त्याकडेच्या फेरीवाल्याला लागते. तितिक्षा हा साधकाचा स्वतःपुरता गुण आहे. ती दुसऱ्याकडून करवून घेतली की तिला साधना म्हणता येत नाही, ती सक्ती होते.

निवड आणि सक्ती यांतला हा फरक मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत स्पष्ट दिसतो. पिवळे छत आणि काळे अंग ही रंगसंगती नियमाने ठरलेली होती. वातानुकूलन नसलेल्या प्रीमियर पद्मिनीत दिवस काढणाऱ्या चालकाने ती आवडीने घेतलेली नव्हती. दुचाकीचे काळे आसनही बहुधा कारखान्यातूनच तसे येते, आणि त्यावर ओले फडके टाकून बसणाऱ्याला रंग विचारलेला नसतो. म्हणून काळ्या वाहनाच्या प्रत्येक धन्याला एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल.

बंदी हा या प्रश्नावरचा सर्वांत सोपा उपाय वाटतो. काराकुम वाळवंटालगतच्या अश्गाबातमध्ये, तुर्कमेनिस्तानच्या राजधानीत, काळ्या गाड्या अडवून मालकांना त्या पांढऱ्या रंगवून घ्यायला लावल्याच्या बातम्या २०१८ मध्ये आल्या होत्या. अशा हुकुमाने रस्त्यावरचा रंग बदलतो, पण निवडीचा अधिकार गेल्यामुळे विवेकाला वाव उरत नाही. शिवाय काचेतून शिरलेल्या उन्हाने पांढरी गाडीही धोकादायकरीत्या तापते. बंद गाडीतल्या तापमानवाढीचा बराचसा भाग पहिल्या अर्ध्या तासातच होतो, त्यामुळे पांढऱ्या रंगाच्या भरवशावर मुलाला आत ठेवणारा माणूस अधिक मोठी चूक करतो.

यावरून निघणारा निकष रंगाचा नसून वाटणीचा आहे. काळे वाहन घेणाऱ्याने चालकाला सावलीची जागा आणि उतरून बसण्याची मुभा दिली, काचांना आडोसा केला, शक्य तेथे उष्णता परतवणारा रंगलेप निवडला, तर त्याच्या आवडीचा ताप बव्हंशी त्याच्याच खर्चात आणि गैरसोयीत जमा होतो, आणि तेवढ्यापुरती ती आवड निर्दोष ठरते. कठोपनिषदातील श्रेय आणि प्रेय, म्हणजे हितकर आणि केवळ प्रिय, हा भेद येथे लागू करताना हित कोणाचे, हेही विचारावे लागते. कारण धन्याला प्रिय असलेल्या रंगाची किंमत चालक मोजत असेल, तर ती निवड खासगी राहिलेली नसते.