घोंगडी कुणी विणायची?

आमच्या महाळुंगे पडवळला १२ डिसेंबर आला की भाषणं होतात. हुतात्मा बाबू गेनू सैद याच गावचे. १९०८ साली इथल्या एका गरीब शेतकरी घरात जन्मले, पोटासाठी मुंबईला गेले, कापडगिरणीत लागले. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात विलायती कापडाचा ट्रक अडवायला आडवे झाले आणि त्याच ट्रकखाली गेले. वय बावीस. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्यांचं नाव आहे.

दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी मीही बोललो. विषय होता, ‘स्वदेशी आणि आपला वारसा’. मी घोंगडी निवडली. पावसात डोक्यावरून घेतलेली खोळ, वारकऱ्याच्या खांद्यावरची घडी, आजोबांच्या अंथरुणाचा वास, सगळं आणलं. शेवटी म्हणालो, “नव्या पिढीने ही कला टिकवली पाहिजे.” टाळ्या पडल्या.

खाली उतरलो तर कॉलेजातला एक मित्र भेटला. त्याचे वडील जुन्नरकडच्या एका गावात अजून मागावर घोंगड्या विणतात. तो स्वतः चाकणला कंपनीत शिफ्ट करतो. म्हणाला, “भाषण भारी झालं. तुझ्या घरात घोंगडी आहे का रे?”

नव्हती. माझ्या पलंगावर मोबाइलवरून मागवलेलं पॉलिस्टरचं ब्लँकेट होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, ‘नवी पिढी’ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर तो होता. मी स्वतः त्या पिढीत नव्हतोच.

त्यानंतर मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांना सगळे तात्या म्हणतात. लोकर कातरून आणायची, निवडायची, पिंजायची, चरख्यावर सूत कातायचं, ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची, वाळवायचं आणि मग खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचं. तात्यांचे गुडघे आता धरतात. सूत आई कातते. घोंगडीची किंमत सांगताना तिची मजुरी आजवर कधी धरलीच गेली नाही. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, तिला मोठ्या बाजारात मागणी नाही. पानिपतहून येणारी ब्लँकेटं मऊ, रंगीत आणि स्वस्त. तात्यांचं गणित सरळ होतं, “कंपनीत पगार महिन्याला येतो. मागावर कधी येईल ते पांडुरंगाला ठाऊक.”

अशा घरातल्या मुलाला ‘तू परंपरा टिकव’ सांगणं म्हणजे नेमकं काय सांगणं? आपल्याकडे बहुतेक कला जातीला बांधलेल्या आहेत. त्यामुळे ‘कारागिराच्या मुलाने कारागीर व्हावं’ हे वाक्य कितीही गोड बोललं, तरी त्याच्या पोटात ‘जन्माने दिलेलं काम सोडू नकोस’ हा जुना हुकूम असतो. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं होतं की जन्मावरून धंदा ठरवणं ही कामाची सोय नाही, ती माणसाची अडवणूक आहे. मी शेतकऱ्याचा मुलगा, लॅपटॉपवर काम करतो. मला कुणी ‘नांगर टिकव’ म्हणत नाही. मग त्यालाच का?

पण इथे थांबलं तर उत्तर फारच सोपं होतं. ज्याला सोडायचं त्याने सोडावं, कला मेली तर मरू द्यावी. तसं मला वाटत नाही. कारण जातं ते खरोखर जातं. जुन्नर एके काळी हातकागदासाठी नावाजलेलं होतं. जुन्नरी कागदावर मोडीत लिहिलेलं आजही वाचता येतं. कागद टिकला, तो करणारे हात राहिले नाहीत. दप्तरखान्यातून कागद काढता येतो, लगदा किती पातळ हवा हे ओळखणारं बोट काढता येत नाही.

जपानमध्ये इसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. मागचं २०१३ साली झालं. जुनी इमारत जपायची सोडून ती पुन्हा बांधतात, म्हणून सुताराची विद्या जिवंत राहते. मला यातला पवित्रपणा बाजूला ठेवून एवढंच दिसतं की तिथे सुताराला काम मिळतं. कौतुक झालं म्हणून कला टिकत नाही, काम आलं की टिकते.

म्हणजे प्रश्न ‘कुणी विणायचं’ असा नाहीच. ‘कुणाला हवंय’ असा आहे. ज्याला ती गेल्याचं दुःख होणार, कर्ज त्याच्या अंगावर. तो जन्माने विणकर असो वा नसो.

आता बाबू गेनूंकडे मला वेगळं पाहता येतं. ते विणकर नव्हते. हातमागाचेही कैवारी नव्हते, स्वतः गिरणीत राबत होते, आणि गिरण्यांनीही हातमाग बुडवलेच होते. शेती सोडून मुंबईला गेले म्हणून त्यांना कुणी परंपरा मोडणारा म्हणत नाही. माझा मित्र चाकणला गेला तो त्याच वाटेने. पण आपण काय विकत घेतो हा नीतीचा प्रश्न आहे, एवढं त्या गिरणीकामगाराने स्वतःच्या अंगावर घेतलं. दुसऱ्याला आडवं व्हायला सांगितलं नाही.

मी तात्यांकडून घोंगडी घेतली. घासाघीस केली नाही, आईच्या सुताचे पैसे वेगळे धरायला लावले. एका घोंगडीने माग वाचणार नाही, हे मलाही कळतं. दया म्हणून घेतलेली वस्तू कपाटात जाते आणि तिथेच संपते. तात्यांनी ते ओळखलं असावं. घडी हातात देताना म्हणाले, “वापर. ठेवून दिलीस तर कसर लागंल.”

ती टोचते. पहिले आठ दिवस झोप लागली नाही, आता लागते. मित्र माग शिकणार नाही, आणि मी त्याला पुन्हा कधी तसं सुचवणार नाही. मागावर कोण बसेल, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तात्या म्हणतात, येईल त्याला शिकवीन, जात विचारणार नाही. परवा त्यांनी मला खड्ड्याच्या काठावर बसवलं. मी अर्धा तास बसलो. पाठ भरून आली. यंदाच्या १२ डिसेंबरला भाषणासाठी विचारलं, तेव्हा मी नको म्हणालो.