घरातली सहावी सूना

माउली, शास्त्रकारांनी गृहस्थाच्या घरी पाच सूना सांगितल्या आहेत. सूना म्हणजे जीवहिंसेचे ठिकाण; लेकाच्या बायकोशी या शब्दाचा संबंध नाही! चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा, या त्या पाच. घर चालवायचे तर यांवाचून गत्यंतर नाही, आणि यांचा उपयोग केला की कळत-नकळत किडामुंगी मरायचीच. म्हणून गृहस्थाला पंचमहायज्ञ सांगितले. मर्म एवढेच की, आपल्या संसाराचा उपद्रव डोळ्यांना दिसला नाही, तरी त्याचा भार आपल्यावरच असतो.

आता जाते गेले, उखळ गेले. भिंतीवर विजेचे बटन आले. आम्ही त्याला सहावी सूना म्हणतो. बटन दाबले की लख्ख उजेड पडतो. धूर नाही, काजळी नाही. मग हिंसा कोठे? अहो, धूर आहे. पण तो चंद्रपूरला आहे, कोराडीला आहे. आपल्याकडची पुष्कळशी वीज अशा केंद्रांत कोळसा जाळूनच होते. एका युनिटामागे अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. कोयनेची वीज पाण्यावरची खरी, परंतु त्या जलाशयाखाली नांदती गावे गेली.

येथे पूर्वपक्षी म्हणेल, "महाराज, आम्ही बिल भरतो. वीज वाटेल तशी जाळू!" याचे समाधान असे. अन्नछत्रात देणगी दिली, म्हणून भरले ताट उकिरड्यावर टाकण्याचा अधिकार मिळतो काय? बिलात विजेचे मोल आहे. त्या गावच्या लेकराच्या छातीत गेलेल्या धुराचे मोल नाही.

तर मग वीज वाचवावी, हे ठरले. पण कशी? येथेच आम्ही चुकलो. गेल्या वैशाखात बिल फार आले. दुपारी सूनबाई स्वयंपाक आटोपून, घामाने निथळत माजघरात पंख्याखाली टेकली होती. आम्ही उठलो आणि पंखा बंद केला. वर अपरिग्रहावर दोन वाक्ये ऐकवली. ती बिचारी काही बोलली नाही. आमच्या घरच्या मंडळी मात्र म्हणाल्या, "अहो, तुमच्या खोलीतला पंखा सकाळपासून रिकाम्या खाटेला वारा घालतोय, तो आधी बघा."

चाळीस वर्षे कीर्तन केले, पण त्या दिवशी श्रोता व्हावे लागले. दुसऱ्याचे सुख कापून केलेली बचत हा त्याग नव्हे. ते कृपणपण आहे, आणि त्यात सत्तेचा माजही आहे. ज्याच्या हाती बटन, त्याने संयम आपल्यापासून आरंभावा.

मग काय करावे? सुख तेवढेच ठेवून नासाडी काढून टाकावी. जुना पंखा पंचाहत्तर वॅट घेतो. बीएलडीसी जातीचा नवा पंखा तेवढाच वारा तिशीच्या आसपास देतो. रोज बारा तास धरले तर महिन्याला २७ युनिटांच्या जागी ११ लागतात. म्हणजे एका पंख्यामागे आठ किलोहून अधिक कोळसा वाचला, आणि कोणाचा घाम वाढला नाही! साठ वॅटच्या जुन्या बल्बचे काम नऊ वॅटचा एलईडी करतो. फ्रीजसारखी वस्तू घेताना तिच्यावरचे तारे पाहावेत. त्याच जातीच्या आणि मापाच्या वस्तूंत तारे जास्त, तितकी वीज कमी. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने नेमलेला ब्यूरो ते ठरवतो. स्लॅबला उन्हाळ्याआधी पांढरा चुना मारला तर ऊन परतते आणि खोली कमी तापते. डाळ आधी भिजवावी, पातेल्यावर झाकण ठेवावे. हे तर आपल्या आज्या करीतच होत्या.

आमच्या माजघरात आता नवा पंखा आहे. तो आधी तेथे बसवला, आमच्या खोलीत मागाहून.

शेवटी एक सावधगिरी. दिवा थोडकी वीज खातो म्हणून तो रात्रभर जळत ठेवला, तर कमावले ते गमावले. यंत्र नासाडी कमी करील. हाव कमी करणे यंत्राच्या हाती नाही. वारीला निघताना पडशीत काय घ्यायचे आणि काय ठेवायचे, हे ज्याला कळते, त्याला हे निराळे सांगायला नको. खोलीतून बाहेर पडताना मागे वळून बटनाकडे पाहावे, इतकेच मागणे.

रामकृष्ण हरी.