टिटवीची तारीख

कृष्णाकाठी, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात, नदीच्या अंगाला जी जमीन असते तिला मळी म्हणतात. पुराच्या गाळावर पोसलेली. इथल्या वांग्याला चव आहे ती या गाळाची. अशाच एका मळीत आबांच्या थोरल्या नातवानं 2017च्या उन्हाळ्यात कोंबड्यांची शेड काढायला घेतली. विटांचं पक्कं जोतं, वर पत्रा, शेजारी राहायला दोन खोल्या.

आबा म्हणाले, "2005 साली इथं डोक्यावरनं पाणी गेलंय."

नातू शिकलेला, उत्तर तयार होतं. "आबा, जरा इकडं या." ढेकळांत टिटवीची चार अंडी होती, मातकट, काळ्या ठिपक्यांची, पाय पडेपर्यंत दिसू नयेत अशी. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत बोंब मारत होती. पलीकडं दरडीत वेड्या राघूंची बिळं. त्याच्याही खाली, वाळवटीत मगरीनं अंडी पुरलेली जागा. "जनावराला पूर आधी कळतो, हे तुम्हीच सांगता. मगर तर आपल्यापेक्षा खाली राहिलीय. मग आपण का भ्यायचं?"

युक्तिवाद बिनतोड. मी असतो तर बहुतेक पटलाच असता.

आबा काही बोलले नाहीत. दिवस कलला की नातवाला घेऊन काठावर बसायचे, एवढंच. टिटवी नदीत पोट भिजवून यायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची. तापल्या रानात अंडी शिजू नयेत म्हणून. एका सकाळी पिल्लं फुटली. अंग वाळलं तशी तुरुतुरु चालायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी खळगा रिकामा. मग राघूंची पोरं उडाली. शेवटी मगर. पुरलेल्या अंड्यांतून पिल्लांनी आवाज दिला तशी तिनं माती उकरली आणि एवढ्याशा पिल्लांना जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडलं. ज्या जबड्याला सगळा काठ भितो, त्यात! दोघं लांबून बघत राहिले. मृग लागायच्या आत काठ मोकळा झाला.

तेव्हा आबा म्हणाले, "जनावराला कळतं, खरं हाय. पण काय कळतं, ते तुला कळलं न्हाई. ती जागा सांगत न्हाईत, पोरा. तारीख सांगतात. यायची बी आणि उठायची बी."

पण कर्ज निघालं होतं, पत्रा येऊन पडला होता. शेड झाली. पहिले दोन पावसाळे पाणी जोत्याला लागलं नाही; जेवताना नातू मुद्दाम विचारायचा, "आबा, तुमचा पूर कुठं अडकला?" आबा भाकरी मोडत राहायचे.

ऑगस्ट 2019. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट; पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. माणसं निघाली, कोंबड्या राहिल्या. पत्रे कुणाच्या उसात जाऊन अडकले ते शेवटपर्यंत कळलं नाही. खाली रायबागकडं तर बुडालेल्या घराच्या छपरावर मगर येऊन बसली होती. तिचं काय अडलं होतं? छप्पर तिचं नव्हतंच.

पाणी ओसरल्यावर मळीत वीतभर गाळ आणि जोतं तेवढं उरलं. नातवानं खोल्या वर गावठाणात बांधल्या. मळीत आता वांगी असतात. जोतं मात्र त्यानं फोडलं नाही. फोडायला खर्च येतो म्हणतो. उन्हाळ्यात त्याच जोत्यावर खडे गोळा करून टिटवी अंडी घालते, आणि मृगाच्या आत पोरं घेऊन निघून जाते.